चऱ्हाटपट्टीची हरकत

“बाई, दोर जरा खाली घ्या. टेप जाऊ दे.”

मोजणीचा माणूस असं म्हणाला आणि मी दोर खाली घेतला. नुसता घेतला नाही, तर पायानं दाबून धरला, त्याच्या टेपला अडचण नको म्हणून. पलीकडच्या टोकाला हौसाक्का फिरकी फिरवत होती. तिनंही हात थांबवला आणि पदरानं घाम पुसत ती मजा बघत उभी राहिली.

माझे सासरे, रावजीतात्या, भिंतीच्या सावलीत वाख विंचरत बसले होते. ते लगबगीनं उठून आले. “मोजताय कशाला सायेब? एकशेऐंशी फूट हाय. माझ्या बानं मोजलेली.”

टेप ताणला, तर एकशेऐंशीच भरले. तात्यांचा चेहरा खुलला. लगेच मला हुकूम झाला, “कमळ, च्या टाक. सरकारी माणसं दारातनं तशीच जात्यात व्हय?”

सरकारी माणूस दिसला की तात्यांचं असंच व्हायचं. आवाज बारीक व्हायचा आणि चहाची घाई सुटायची. मी आलं घालून चहा केला, दोघा मोजणीवाल्यांना बशीभरून दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण आम्हाला ते कळायला तीन महिने लागले.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. चिंचणगावात जुन्या गोदामाच्या भिंतीला लागून एक लांबच लांब पट्टी आहे. गाव तिला चऱ्हाटपट्टी म्हणतं, कारण आमची वस्ती तिथं पिढ्यान्‌पिढ्या दोर वळते. एकानं फिरकी फिरवायची आणि दुसऱ्यानं घायपाताचे तंतू, म्हणजे वाख, कमरेला बांधून, बोटांनी सोडत सोडत, उलट्या पावलानं मागं सरकत जायचं. दोर जेवढा लांब हवा त्याहून जागा लांब लागते, आणि ती सरळ लागते. मध्ये वळण आलं की काम थांबलं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तीनदा आपटले होते. तात्या म्हणाले होते, “मागं वळून बगू नगंस. पायाला ठावं असतंय.”

तीन महिन्यांनी रिक्षावरून भोंगा फिरला. नगरपालिकेनं विकास आराखडा तयार केलाय, नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात. वस्तीतल्या कुणी तिकडं कान दिला नाही. आपल्याला काय, विकास पेठेत व्हायचा. मी मात्र धाकट्याच्या जन्माचा दाखला आणायला गेले होते, आणि दाखल्याच्या खिडकीशेजारच्या भिंतीवरच नकाशा चिकटवलेला होता. मी दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळं जे लिहिलेलं दिसेल ते वाचायची मला खोड. गोदाम सापडलं. गोदामाला लागून आमची पट्टी सापडली. तिच्यावर तिरक्या रेघा मारल्या होत्या आणि लिहिलं होतं: मोकळी जागा, प्रस्तावित वाहनतळ.

मोकळी! सकाळीच मी तिथं तीन पेड घालून आले होते. दाखला तसाच खिडकीत टाकून मी घराकडं पळत सुटले.

पट्टी गेली म्हणजे दोर गेला. दोर गेला म्हणजे एकोणीस घरांनी उसाच्या फडात जायचं, सहा महिने पोरांची शाळा सोडून. हे वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तात्यांनी त्याच दिवशी कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडून अर्ज करून आणला. ‘अर्जदार, रावजी भाऊ आवळे व इतर.’ खाली तात्यांची वेडीवाकडी सही, मग पानभर अंगठे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो.

आवकच्या टेबलावर चोपडे नावाचे कारकून होते. चष्म्याला दोरा, तोंडात सुपारी. त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, रजिस्टरात चौतिसावा क्रमांक टाकला. तात्यांनी हात जोडले आणि ते लगेच मागं फिरले. मी फिरले नाही. रजिस्टर माझ्याकडून उलटं दिसत होतं, पण वरच्या ओळींत पुन्हा पुन्हा ‘वाहनतळ’ दिसत होतं.

“हे वरचे कुणाचे हो साहेब?”

“पेठेतल्या दुकानदारांचे. वाहनतळ झालाच पाहिजे अशा सूचना आहेत. बावीस.”

“एकाच पेठेतली माणसं, मग बावीस कागद कशाला?”

चोपड्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बावीस कागद म्हणजे बावीस क्रमांक. सुनावणीला बावीस जण बोलणार. तुमचा कागद एक, बोलणार एक.”

“खाली साठ अंगठे हायत की!”

“बाई, अंगठे बोलत नाहीत.”

हे त्यांनी माझी दया येऊन सांगितलं नव्हतं. मी टेबलासमोरून हलत नव्हते म्हणून सांगितलं. मग मी आणखीच हलले नाही. “आमीबी येगळे येगळे दिले तर?”

“द्या की. शुक्रवारी पाचला रजिस्टर बंद होतं. पण सगळ्यांनी तेच तेच लिहून आणलंत, तर ते एकात एक घालून टाकतील. ज्याचं त्याचं कारण लिहा. आणि मायबाप सरकार, गरिबावर अन्याय, हे नको. तिथं काय करता, ते गेलं तर काय होईल, आणि काय हवंय, एवढं लिहा.” सुपारी गालात सरकवून ते पुढं म्हणाले, “हवंय काय, हे कुणी लिहीतच नाही. नको काय तेवढं लिहितात.”

तो दिवस बुधवार होता.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. तात्यांचा घास हातातच राहिला.

“ज्याचं त्याचं नाव लिवायचं? न्हाई.”

“का न्हाई?”

“वस्तीचं तोंड एक. माझ्या बापास्नं चालत आल्याली रीत हाय ही.”

“रीत आपल्यापाशी. त्यांच्या रजिस्टराला रीत ठावं न्हाई, तात्या.”

“सुटा वाख कुणीबी तोडतंय, कमळ.”

“आन्‌ तुमाला वरचं नाव सोडवत न्हाई,” मी बोलून गेले. “मोठेपणा जाईल न्हवं!”

माझी जीभ ही अशी. माहेरी आई म्हणायची, हिच्या तोंडाला वेसण घालणारा दोर अजून कुणी वळला नाही.  तात्यांनी ताटातच हात धुतला आणि ते बाहेर जाऊन बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी भांडी आपटत वर म्हणालेसुद्धा. ते त्यांना ऐकू गेलं असणार.

सकाळी पट्टीवर हौसाक्कानं फिरकीला हात लावला नाही. ती साठी ओलांडलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, वस्तीत सगळ्यात लांब दोर ओढणारी बाई. मला म्हणाली, “काल रावजीला काय बोललीस?”

“खरं त्येच बोलले.”

“तुला काय ठावं गं खरं?” ती माझ्या पुढ्यात येऊन बसली. “तुज्या आजेसासऱ्याला रोज चावडीवर हजेरी हुती. दिस मावळायच्या आत जायचं. नावाचा पुकारा झाला की ‘हाजीर’ म्हणायचं. आपल्यातल्या समद्या बाप्यांना. चोरी कुठंबी हूं दे, नावांची यादी त्यांच्यापाशी तयार. मग एकदा सात जणांनी मिळून अर्ज केला, ही हजेरी बंद करा म्हणून. शिकल्याला एक माणूस गाठून सात नावं लिवली.”

“मग?”

“सातीच्या सात आत गेले. नावं कागदावरच हुती, हुडकायचाबी तरास न्हाई. तवापास्नं ठरलं. सरकारच्या कागदावर एकच नाव घालायचं. जे काय व्हायचं ते त्या एकाचं हुईल, बाकीची चूल पेटती ऱ्हाईल. आदी रावजीच्या बाचं नाव हुतं. बा गेला, तवापास्नं रावजीचं. पाण्यासाठी, दिव्यासाठी, कशासाठीबी अर्ज केला तर वर त्योच. तू त्याला मोठेपणा म्हणतीस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा टाक म्हणताना बारीक होणारा तो आवाज आठवला. बारा वर्षं एका घरात राहून मला त्या आवाजाचं हसू यायचं, कारण विचारावंसं एकदाही वाटलं नव्हतं.

“मग ऱ्हाऊ दे आक्का,” मी म्हटलं. “एकच अर्ज ऱ्हाऊ दे.”

“ऱ्हाऊ दे काय? कागद आण.” हौसाक्कानं पदर खोचला. “लिव. हौसाबाई ज्ञानू सकटे. म्या त्या सातातल्या एकाची ल्येक हाय. आता काय करत्यात मला, ते बगू तरी.”

दुपारी लिंबाखाली चटई टाकून मी लिहायला बसले. सोपं काम वाटलं होतं, पण “तुमचं कारण सांगा” म्हटलं की प्रत्येक जण म्हणायचा, “तिनं सांगितलं त्येच.” चोपड्यांचे शब्द आठवून मी पाठ सोडत नव्हते. मग हळूहळू निघायला लागलं. धोंडूभाऊजी म्हणाले, आपण उलटं चालतो, मागनं गाडी आली तर उडी कुठं मारणार? लग्न होऊन नुकती आलेली शेवंता म्हणाली, पट्टी भिंतीआड आहे म्हणून बायकांना वाऱ्याचा, नजरेचा त्रास नाही, रस्त्यावर तिचा नवरा तिला वळू देणार नाही. एकाच पट्टीवर इतकी वर्षं मी मागं मागं चालले, पण ही माणसं तिथं काय काय सांभाळून चालतात हे मला त्या दुपारी कळलं.

पण अंगठा उठवायची वेळ आली की हात आखडायचे. हौसाक्काचा उठला, धोंडूभाऊजींची सही झाली, आणि तिसरी बाई थांबली. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या पाठीमागं बघत होती.

मागं तात्या उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते पुढं आले, माझ्या हातातलं शाईचं पॅड त्यांनी घेतलं आणि त्या बाईसमोर धरलं.

“नीट टेकव,” ते म्हणाले. “पुसट नगं. वाचाय आला पायजे.”

शेवटचा अंगठा होईपर्यंत पॅड त्यांच्याच हातात होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “तुझं कारण लिवलंस का? मग लिव आदी.”

शुक्रवारी पावणेपाचला मी एकोणीस अर्ज चोपड्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एकोणीस क्रमांक लिहिले, आणि मी हटून बसल्यामुळं एकोणीस प्रतींवर पोच म्हणून शिक्केही मारले. शेवटी मनगट चोळत म्हणाले, “सुनावणीला प्रत्येकानं यायचं. जो येणार नाही त्याची हरकत निकाली.”

सुनावणी महिन्यानं झाली. त्या दिवशी पट्टीवर कुणी नव्हतं. एकोणीसच्या एकोणीस माणसं आणि तात्या, धुतलेली कापडं घालून नगरपालिकेच्या व्हरांड्यात ओळीनं बसलो. आत लांब टेबलामागं नगराध्यक्ष, तीन सभासद आणि अभियंता. दुकानदार बोलून गेले. सगळ्यांना गाड्या लावायला जागा नव्हती. खरं सांगायचं तर त्यांचंही खोटं नव्हतं.

मग शिपायानं दारातून पुकारा केला, “रावजी भाऊ आवळे!”

तात्या ताडकन उठले. “हाजीर!”

शिपाई हसला. व्हरांड्यातल्या आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

आत अध्यक्ष म्हणाले, “तात्या, थोडक्यात सांगा हं. चऱ्हाट लावू नका.” टेबलाभोवती खसखस पिकली. तात्यांनी हात जोडले, “आमची जागा ऱ्हाऊ द्या सायेब,” एवढं म्हणाले आणि मागं सरकले. मला वाटलं, एकच अर्ज असता तर इथंच सगळं संपलं असतं.

मग एकेक नाव. धोंडूभाऊजी बोलले, शेवंता खाली मान घालून का होईना पण बोलली. आठव्या-नवव्या नावापर्यंत सभासदांचं चहाचं मागवणं थांबलं होतं. मग हौसाक्का आत गेली, डोक्यावर दोराचं भलं मोठं वेटोळं घेऊन. तिनं ते जमिनीवर उतरवलं आणि एक टोक अध्यक्षांच्या हातात दिलं.

“ह्ये धरा सायेब. सोडू नगा.”

अध्यक्षांनी धरलं. काय करतील? हौसाक्का दोर सोडत सोडत उलटी चालायला लागली. एकदाही मागं न बघता दारातून बाहेर पडली, आमच्यासमोरून व्हरांडा ओलांडला, पायऱ्या उतरली, पटांगणात गेली. तिथून तिचा आवाज आला, “आजून हाय!” अख्खी नगरपालिका खिडकीत आली. फाटकापाशी पोचल्यावर कुठं दोर संपला.

घामाघूम होऊन ती परत आली. “ह्यो रथाचा दोर हाय. माघातल्या जत्रंचा. दर सालाला आमीच वळतो. पूजा झाली की आमी त्याला हात लावायचा न्हाई, त्ये ऱ्हाऊ द्या, त्ये आज मागत न्हाई. वळायचा कुठं, तेवढं सांगा.”

रथ ओढायचा पहिला मान दर वर्षी नगराध्यक्षांचा असतो. ते टोक हातात धरून तसेच बसले होते.  आणि हात न लावण्याचं ते मधलं वाक्य हौसाक्का किती सहज बोलून गेली होती.

शेवटचं नाव माझं. बोलायला उभी राहिले. मग चोपड्यांचं आठवलं. हवंय काय?

“साहेब, गाड्यांना जागा पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे,” मी म्हटलं. “दोराला रुंदी लागत नाही, लांबी लागते. पट्टी चाळीस फूट रुंद आहे. रुंदी तुम्ही घ्या. भिंतीकडेचे बारा फूट सोडा, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडा. मध्ये कठडा घाला. आमची लांबी तोडू नका.”

अभियंत्यानं नकाशा पुढं ओढला. मोजपट्टी लावली, पेन्सिलीनं काहीतरी केलं. अध्यक्षांनी विचारलं, “हे यांच्या अर्जात आहे, का आत्ता सुचलं?”

कोपऱ्यात बसलेले चोपडे रजिस्टर न उघडता म्हणाले, “आहे साहेब. हरकत क्रमांक त्रेपन्न. शेवटचा परिच्छेद.”

त्या दिवशी निकाल काही दिला नाही. “कळवू,” म्हणाले. दोन महिने आम्ही वळत राहिलो आणि रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की सगळे मान वर करायचे.

एके दुपारी पोस्टमन आला. थैलीतून गठ्ठा काढून म्हणाला, “आज काय लग्न आहे का काय वस्तीत?” नगरपालिकेची पाकिटं होती, प्रत्येकावर टाईप केलेलं वेगवेगळं नाव. वस्तीत याआधी सरकारी कागद आला की माणसं पांगायची. त्या दिवशी घोळका झाला.

मी माझं फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. आपली हरकत अंशतः मान्य करण्यात येत असून, भिंतीलगतची बारा फूट रुंदीची सलग जागा दोर वळण्याच्या व्यवसायासाठी राखून ठेवण्याची शिफारस करण्यात आली आहे. एकच कल्ला झाला. शेवंता रडायला लागली.

मग हौसाक्कानं तिचं पाकीट पुढं केलं. “आता माझं वाच.”

“आक्का, समद्यांत त्येच हाय.”

“त्ये तुझं हुतं. माझं वाच.”

वाचलं. श्रीमती हौसाबाई ज्ञानू सकटे यांस. तिनं डोळे मिटून ऐकलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकत होती. मग धोंडूभाऊजी. मग शेवंता. शेजारणीचं ऐकून कुणाचं भागेना. एकोणीस वेळा मी तेच पत्र वाचलं, घसा बसला, आणि प्रत्येक वेळी नाव आलं की ज्याचं त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पाकिटं घेऊन सगळे आपापल्या घरी गेले.

मग तात्या आले. सगळ्यांत शेवटी.

“माझं ऱ्हायलं,” ते म्हणाले.

मी वाचायला लागले. “श्री. रावजी भाऊ आवळे व इतर यांस...”

“थांब. ह्ये ‘इतर’ कोण?”

“आपलीच माणसं, तात्या. तुमच्या अर्जावर अंगठे हुते न्हवं, ती.”

“पर त्यांची पत्रं त्यास्नी आली की आता.”

“आली.”

 तात्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. शब्द कुठला ते बोट ठेवून दोनदा विचारून खात्री केली, पत्र मांडीवर घेतलं, आणि सरकारच्या त्या कागदावर ‘व इतर’ वरून सावकाश, नीट एक रेघ ओढली.

“आता वाच,” ते म्हणाले.